डोळे रस्त्यावर, हात बटणावर

उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये कधी डोकावलायत? गोंड्यांची झालर, देवाची तसबीर, लिंबू-मिरची आणि त्यांच्या अधेमधे केवढी ती बटणं, दांडे, दिवे! आणि हे सगळं सांभाळायचं कोणी? तर ज्याने रस्त्यावरची नजर हलवायची नाही, त्यानेच.

जरा हिशेब करू. ताशी 80 किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात 22 मीटर पुढे जातो. वायपरचं बटण शोधायला ड्रायव्हरने दोनच सेकंद मान खाली घातली, तर ट्रक 44 मीटर गेलासुद्धा. चार एसटी बस एकामागे एक उभ्या कराव्यात तेवढा रस्ता, न बघता! बाप रे!

मग केबिन सोपी कशी करायची? याची एक युक्ती सापडली ती विमानात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-17 विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. का? तर चांगले तयारीचे वैमानिक उतरल्यावर चक्क चाकंच आत ओढून घ्यायचे! सगळे म्हणाले, वैमानिकाची चूक. अल्फोन्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मात्र आधी कॉकपिट बघितलं. चाकांचं बटण आणि पंखांवरच्या फ्लॅपचं बटण शेजारी शेजारी, दिसायला जुळे भाऊ! थकलेला हात चुकणार नाही तर काय? उपाय अगदी साधा निघाला. चाकांच्या बटणाला छोटंसं रबरी चाक, फ्लॅपच्या बटणाला पाचरीच्या आकाराची मूठ. आता न बघता बोटांनाच कळायला लागलं. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते.

ट्रकमध्येही तेच. सतत लागणारी बटणं स्टिअरिंगवर किंवा हाताशी. एक फिरवायचं, एक दाबायचं, एक खटकन वर-खाली करायचं. मोठा गुळगुळीत टचस्क्रीन दिसतो झकास, पण त्यावर बोटाला खूण लागत नाही. दर वेळी बघावंच लागतं. मला विचाराल तर स्क्रीनवर नकाशा ठीक, वायपर नको.

काही कामं तर ड्रायव्हरकडून काढूनच घेता येतात. घाटात गिअर बदलून बदलून क्लचवरचा पाय भरून येतो. व्होल्वोने 2001 मध्ये आय-शिफ्ट नावाचा 12 गिअरचा गिअरबॉक्स आणला. त्यात कधी कोणता गिअर टाकायचा ते संगणक ठरवतो, आणि क्लचचं पेडलच नाही!

बघण्याचं कामही हलकं करता येतं. ड्रायव्हर बसतो उंचावर, त्यामुळे दाराला लागून असलेला सायकलवाला त्याला दिसतच नाही. मग एकेक आरसा तपासत बसा! म्हणून काही ट्रकांच्या दारात खालीसुद्धा काच बसवतात. लंडनमध्ये तर केबिनमधून थेट किती दिसतं यावर जड ट्रकांना शून्य ते पाच तारे मिळतात.

आणि उकाडा? उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीत घामाघूम झालेलं डोकं लवकर थकतं. म्हणून भारतात 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आता त्या एसीचं बटण कुठे बसवायचं आणि कोणत्या आकाराचं, याचं चित्र काढून बघा बरं!