एका वाक्याची गोष्ट

गोष्ट म्हटली कीं तिला आरंभ, मध्य आणि शेवट असावा. चार माणसें असावींत, त्यांचें कांहीं तरी बिघडावें आणि शेवटीं तें सुधारावें अथवा पुरतें नासावें, अशी सर्वसाधारण समजूत असते. मासिकांतील लघुकथा आठ-दहा पानांची असते; ती तीन पानांत आटोपली तर लेखकानें हात आखडला असें वाचकास वाटतें. अशा वाचकाच्या हातीं एखादें पुस्तक पडावें, त्यांत पानाच्या माथ्यावर मथळा, मथळ्याखालीं एकच वाक्य आणि त्याखालीं कोरा कागद असावा, व ‘ही संपूर्ण गोष्ट आहे’ असें त्यास सांगण्यांत यावें, तर तो काय म्हणेल? पानें छापखान्यांत गळलीं असें म्हणेल, किंवा लेखकानें थट्टा मांडली आहे असें म्हणेल. लिडिया डेव्हिस या अमेरिकन लेखिकेचें पुस्तक प्रथम उघडणाऱ्याचा असाच ग्रह होण्याचा संभव आहे.

परंतु ज्या बाईंनीं एका वाक्याच्या गोष्टी लिहिल्या, त्यांनींच मार्सेल प्रूस्त या फ्रेंच ग्रंथकाराच्या सात खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड इंग्रजींत आणला. आणि प्रूस्तचें एकेक वाक्य कधीं कधीं पानभर चालतें. अति आंखूड आणि अति लांब या दोहोंचा संबंध एकाच लेखणीशीं कसा यावा? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे डेव्हिसबाईंच्या कथेचें मर्म हातीं लागतें.

त्यांचा जन्म १५ जुलै १९४७ रोजीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थहॅम्प्टन या गांवीं झाला. वडील रॉबर्ट गोरहॅम डेव्हिस हे इंग्रजीचे प्राध्यापक, आई होप हेल डेव्हिस ह्या स्वतः लेखिका. घरांत शब्दांची चर्चा नित्याची. सात वर्षांच्या असतांना त्या आईबापांबरोबर ऑस्ट्रियांतील ग्रात्स या शहरीं वर्षभर राहिल्या. तेथील शाळेंत सर्व व्यवहार जर्मन भाषेंत चाले. कांहींच न समजणाऱ्या वर्गांत बसतां बसतां त्या मुलीस एकेक शब्द समजूं लागला. शब्द म्हणजे अर्थाचें निव्वळ वेष्टन नव्हे, तर उचलून, फिरवून, निरखून पाहण्याजोगी वस्तु आहे, ही जाणीव अशा लहानपणांत सहज रुजते. पुढें न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें, आणि १९७० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें त्या फ्रान्समध्यें राहिल्या. पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेले पॉल ऑस्टर हे त्यांचे त्या काळचे सहचर व नंतरचे पति. तो विवाह फार काळ टिकला नाहीं. फ्रान्समधील त्या दिवसांत दोघांचीही उपजीविका मुख्यतः भाषांतरावर चाले.

१९७३ सालीं रसेल एड्सन या अमेरिकन लेखकाच्या अगदीं लहान, चमत्कारिक गद्यकथा त्यांच्या वाचनांत आल्या. तोंवर रूढ पद्धतीची लघुकथा लिहिण्याची त्यांची खटपट चालली होती आणि ती पुढें सरकत नव्हती. एड्सनच्या वाचनानें त्यांस दिसलें कीं गोष्टीला ठराविक माप घेऊन शिवण्याची गरज नाहीं. मग दररोज दोन चिमुकल्या गोष्टी लिहावयाच्याच, असा नेम त्यांनीं स्वतःस घालून घेतला. पहिला लहानसा संग्रह १९७६ सालीं निघाला. ‘ब्रेक इट डाउन’ या १९८६ च्या संग्रहानें त्यांचें नांव पसरलें. २००९ सालीं तोंवरच्या सर्व कथा एकत्र छापल्या तेव्हां सुमारें २०० कथांचा ७०० हून अधिक पानांचा ग्रंथ झाला. थेंबाथेंबानें तळें सांचावें तसें हें झालें.

आतां ह्या गोष्टी असतात तरी कशा? एका कथेच्या मथळ्यांतच सॅम्युएल जॉन्सन हा प्रख्यात कोशकार संतापला आहे असें सांगितलें आहे. खालच्या मजकुरांत त्याचें कारण येतें, आणि तें स्कॉटलंडांतील झाडांच्या दुर्भिक्षाविषयींचें असतें. तेथेंच गोष्ट संपते. दुसरी म्हणजे वाटाण्याच्या कारखानदारांस लिहिलेलें एक पत्र. तक्रार वाटाण्यांची नव्हे, चित्राची : पुडक्यावरचें चित्र प्रत्यक्ष वाटाण्यांहून निस्तेज आहे, तेव्हां कारखानदार स्वतःच्या मालाची स्वतःच बदनामी करीत आहे! ‘द काउज’ ही १९११ ची नव्हे, अगदीं अलीकडची, २०११ ची कृति. तींत शेजारच्या कुरणांतल्या तीन गाई केव्हां कशा उभ्या राहतात, एकमेकींच्या आड कशा येतात, एवढेंच टिपलेलें आहे. गाईंवर कोणतेंही संकट येत नाहीं. तरी वाचक पाहत राहतो.

मराठी वाचकास लहान गोष्ट नवी नाहीं. इसापनीति त्यानें बालबोध पुस्तकांत वाचली आहे, आणि वि. स. खांडेकरांच्या रूपककथाही त्याच्या परिचयाच्या आहेत. परंतु इसापाची गोष्ट तात्पर्यासाठीं जन्मास येते, आणि रूपककथेंत फूल हें फूल नसून दुसऱ्याच कशाचें तरी प्रतीक असतें. डेव्हिसबाईंच्या कथेंत गाय ही गाय असते आणि वाटाणा हा वाटाणा. तात्पर्य सांगणारा कोणी शेवटीं पुढें येत नाहीं. बोलणारें माणूस इतक्या क्षुल्लक गोष्टीवर इतका नेमका विचार कां करीत आहे, हें ताडण्याचें काम वाचकावर सोपविलेलें असतें. आणि तें ताडलें म्हणजे त्या माणसाचा एकटेपणा, हट्ट किंवा दुःख एकदम उघडें पडतें.

तारेंतही शब्द थोडे असत. २०१३ सालीं भारतांतील तारसेवा बंद झाली. तोंवर शब्दागणिक पैसे पडत म्हणून लोक वाक्यें छाटीत. ती काटकसर खिशाची होती. डेव्हिसबाईंची काटकसर निराळ्या जातीची आहे आणि तिचें मूळ त्यांच्या भाषांतराच्या व्यवसायांत आहे. मोरिस ब्लांशो, मिशेल लेरिस अशा कठीण फ्रेंच लेखकांवर त्यांनीं आरंभीं हात बसविला. त्यानंतर प्रूस्तचा पहिला खंड त्यांच्याकडे आला. तो २००२ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. ह्याच खंडाचें स्कॉट मॉन्क्रीफ यांनीं केलेलें इंग्रजी रूप १९२२ पासून वाचकांत रूढ होतें. तें डौलदार आहे. परंतु मुळांत नसलेली शोभाही त्यांत ठिकठिकाणीं चढली आहे. डेव्हिसबाईंनीं निराळा मार्ग धरला. मूळ वाक्य जेवढें लांब तेवढें भाषांतर लांब. मुळांत जो शब्द शेवटीं, तो साधेल तेथवर भाषांतरांतही शेवटीं. पानभर वाक्याचे तुकडे पाडून वाचकाची सोय केली तर विचाराचें वळण हरवतें, म्हणून तें तसेंच राखावयाचें.

असें काम दिवसचे दिवस करणाऱ्यास प्रत्येक शब्दापाशीं थांबून विचारावें लागतें : हा येथें कां आहे? हा काढला तर काय जाईल? दुसऱ्याच्या लेखनास रोज हा प्रश्न विचारणारा मनुष्य स्वतःच्या लेखनास तो विचारल्यावांचून राहील कसा? प्रूस्तच्या लांबलचक वाक्यांत बुडालेल्या असतांनाच, गोष्ट किती लहान होऊं शकते हें पाहण्याची इच्छा आपणांस झाली, असें त्यांनीं सांगितलें आहे. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असें आपल्याकडील शास्त्री म्हणत आले आहेत. तो आनंद ह्या लेखिकेच्या अंगवळणीं पडलेला दिसतो.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेलें फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चें भाषांतर ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. पुनःपुन्हां घडणाऱ्या भूतकालीन क्रियेसाठीं फ्रेंच भाषेंत क्रियापदाचें स्वतंत्र रूप आहे, आणि फ्लोबेरनें नायिकेचें कंटाळवाणें, रोज तेंच तें आयुष्य ह्या रूपानें रंगविलें आहे. इंग्रजींत त्यास तसें एकशब्दी रूप नसल्यामुळें भाषांतरकारास पदोपदीं विचार करावा लागतो. मराठी वाचकास ही अडचण चटकन समजेल, कारण आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. ‘ती खिडकीशीं बसली’ म्हटलें तर एक दिवस डोळ्यांपुढें येतो. ‘ती खिडकीशीं बसे’ म्हटलें तर वर्षें येतात. एका प्रत्ययांत एका स्त्रीच्या संसाराची सारी उदासी मावते. ह्याच कामाच्या ओघांत फ्लोबेरनें लुईझ कोले या कवयित्रीस लिहिलेलीं पत्रें डेव्हिसबाईंनीं वाचलीं, आणि त्यांतील लहानसहान प्रसंग उचलून स्वतःच्या छोट्या कथा घडविल्या. भाषांतर आणि कथा यांमधील भिंत येथें उरलीच नाहीं.

शब्दांची ही चिकित्सा केवळ पंडिती करमणूक असती तर तिचें एवढें कौतुक करण्याचें कारण नव्हतें. ती माणसाच्या कोणत्या घडीस उपयोगी पडते, हें दोन कथांवरून दिसतें. पहिली कथा म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका दुकानदारास लिहिलेलें पत्र. वडिलांचें दहन झाल्यावर त्यांच्या रक्षेसाठीं ह्या दुकानाच्या माणसानें ‘क्रिमेन्स’ हा दोन शब्द जोडून बनविलेला नवा व्यापारी शब्द वापरला. शोकांत असलेल्या घरच्या मंडळींस तो प्रथम समजलाच नाहीं. समजल्यावर वाटलें कीं, हें तर कॉफींत घालावयाच्या एखाद्या कृत्रिम दुधाचें नांव शोभेल! पत्र सभ्य आहे, शांत आहे. मात्र ज्यांना हा शब्द लावला ते वडील इंग्रजीचे प्राध्यापक होते, हें त्यांत येतें तेव्हां वाचकाचें हसूं ओठांवरच विरतें.

दुसरीचें नांव ‘ग्रामर क्वेश्चन्स’, म्हणजे व्याकरणाचे प्रश्न. पिता मरणपंथास लागला आहे आणि मुलगी काळ व सर्वनाम यांचा विचार करीत आहे. ते कोठें राहतात असें कोणी विचारलें तर वर्तमानकाळ वापरावा काय? मरणें हें कर्तरि क्रियापद आहे, पण जो निश्चल पडून आहे तो कोणती क्रिया करीत आहे? प्राण गेल्यावर ‘ते’ म्हणावें कीं ‘तें’? कथेंत अश्रूंचा उल्लेख नाहीं. केवळ ‘आहेत’ आणि ‘होते’ यांच्यामधली जागा ती मुलगी चाचपून पाहत आहे, आणि तेवढ्यानें वाचकाचा कंठ दाटतो. ज्यांच्या घरीं निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणण्याची रीत आहे, त्यांस क्रियापदाचें हें भय समजावून सांगण्याची गरज नाहीं. गेलेल्या माणसाविषयीं बोलतांना पहिल्यांदा ‘आहेत’ ऐवजीं ‘होते’ उच्चारावें लागतें, तो क्षण प्रत्येक घरानें अनुभवलेला असतो.

लांबीचा आग्रह त्यांस नाहीं, तसा आंखूडपणाचाही नाहीं. रुग्णालयांत असलेल्या सोबत्यास चौथीच्या वर्गानें लिहिलेल्या २७ पत्रांची छाननी करणारी त्यांची एक कथा पुष्कळ लांब आहे. तींत अक्षर, वाक्यरचना, शुद्धलेखन यांचा रीतसर अभ्यास चालतो आणि त्याआडून मुलांचीं मनें दिसूं लागतात. तिला तेवढी जागा हवी होती, म्हणून ती दिली. उलट, त्यांचे कांहीं तुकडे इतके बारीक आहेत कीं ते हातीं न लागतां निसटतात, आणि एका बैठकींत पन्नास कथा वाचणाऱ्यास कोरडेपणाचा भास होतो, हेंही खरें. ह्या कथा लोणच्याप्रमाणें थोड्या थोड्या वाढून घ्याव्यात. वाटीभर घेऊन बसूं नये.

२०१३ सालीं लिडिया डेव्हिस यांस ६०,००० पौंडांचें मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तें त्या वेळीं दोन वर्षांतून एकदां, लेखकाच्या समग्र कार्यासाठीं दिलें जाई. त्या वर्षीं अंतिम यादींतील दहा जणांत कन्नडचे यू. आर. अनंतमूर्ति आणि पाकिस्तानचे उर्दू कथाकार इंतिजार हुसेन हेही होते. मोठमोठ्या कादंबऱ्यांच्या पंक्तींत एकोळी गोष्टीस पाट मिळाला, ही वाङ्मयाच्या दृष्टीनें लहान घटना नव्हे.

मान मिळाला तरी विद्यार्थीपण सुटलें नाहीं. ज्या ज्या भाषेंत आपलीं पुस्तकें गेलीं, त्या त्या भाषेंतून आपणही थोडें तरी इंग्रजींत आणावें, असा ऋण फेडण्याचा संकल्प त्यांनीं केला. त्यासाठीं इंग्रजी आणि जर्मनच्या आधारानें डच वाचून, अशाच लहान कथा लिहिणाऱ्या ए. एल. स्नायडर्स यांच्या कथा त्यांनीं भाषांतरिल्या. त्यांचा एक संग्रह २०२१ सालीं निघाला. दाग सुलस्ता यांची टेलमार्क प्रांतांतील पूर्वजांविषयींची चारशेंहून अधिक पानांची नॉर्वेजियन कादंबरी त्यांनीं कोशाची मदत न घेतां वाचून काढली, आणि वाचतां वाचतां ती भाषा शिकल्या. ग्रात्सच्या वर्गांत न समजणारे शब्द ऐकत बसलेली मुलगी साठी उलटल्यावरही त्याच रीतीनें शिकत होती.

लहान गोष्ट लिहिणें सोपें, असें ज्यास वाटत असेल त्यानें आपल्या घरांतील एखादा प्रसंग एका वाक्यांत लिहून पाहावा. पहिल्या खर्ड्यांत विशेषणें येतील. तीं काढलीं म्हणजे उपदेश उरेल. तोही काढला म्हणजे कदाचित् कांहींच उरणार नाहीं, आणि कदाचित् प्रसंग उरेल. असा उरलेला प्रसंग वाचकाच्या हातीं देण्याचें काम लिडिया डेव्हिस यांनीं पन्नास वर्षें केलें आहे.