१०० किलो उचलता येतात, तरी कोच ८० वरच का थांबवतो?

सोमवार संध्याकाळ. जिममध्ये बेंचपाशी चौघं जमलेत. एक जण बारला प्लेट लावत म्हणतो, "आज मॅक्स बघायचा." मॅक्स म्हणजे जेमतेम एकदा उचलता येईल एवढं वजन. पार्टनर निम्मं वजन स्वतःच ओढतो, वरून "तुझंच आहे, तुझंच आहे" ओरडतो, रील निघते. पुढच्या सोमवारी परत तेच. सहा महिन्यांनी आकडा तिथंच, खांदा मात्र दुखायला लागलेला.

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार. प्रत्येकाला तीन प्रयत्न आणि तिन्हीतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे टोटल. मग रोज जड उचलायचा सराव का नको?

कारण मॅक्स ही परीक्षा आहे, अभ्यास नाही. समजा तुमचा स्क्वॉट १०० किलोचा आहे. १०० वर एक रेप निघेल, तोही वाकडातिकडा. तेच ७५ किलोवर ५ रेप्सचे ५ सेट मारले तर २५ स्वच्छ रेप्स, म्हणजे एकूण १,८७५ किलोचं काम. तंत्र याच रेप्समध्ये बसतं. शिवाय स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी जोडणारे टेंडन मागून येतात. त्यांना वेळ द्यावाच लागतो.

म्हणून कोच स्पर्धेआधीचे १०-१२ आठवडे वाटून घेतो. सुरुवातीला ७०-७५ टक्के वजन आणि जास्त रेप्स, मग ८०-८५ टक्क्यांवर तीन-तीन, शेवटी नव्वदीच्या पुढचे सिंगल्स. शेवटच्या आठवड्यात काम मुद्दाम कमी. थकवा उतरला की खरी ताकद दिसते.

आता तुम्ही म्हणाल, रात्रभर झोप नसेल तर टक्के काय कामाचे? त्यासाठी आरपीई वापरतात. सेट संपल्यावर अजून दोन रेप्स निघाल्या असत्या तर ८, एकही निघाली नसती तर १०. श्रम मोजायची मूळ कल्पना स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची, पॉवरलिफ्टिंगमध्ये ती रुजवली अमेरिकन लिफ्टर-कोच माईक टशरर यांनी. नवख्यांचा अंदाज मात्र चुकतोच. सातचा सेट त्यांना नऊचा वाटतो, आणि रीलसाठी कॅमेरा लागला की उलटं होतं.

तंत्राचा हिशोब स्पर्धेत चुकता होतो. स्क्वॉटमध्ये मांडीचा कमरेजवळचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जायलाच हवा. बेंचवर बार छातीवर स्थिर थांबवून पंचांच्या 'प्रेस' या आदेशाची वाट बघावी लागते. जिममध्ये छातीवर आपटून उडवलेले १०० किलो इथं ९० होतात. तीनपैकी दोन पंचांनी पांढरा दिवा दिला तरच लिफ्ट पास. म्हणून व्हिडिओ काढायचाच तर बाजूनं काढा, समोरून खोली कळत नाही.

आणि खरी गंमत पहिल्या प्रयत्नात आहे. एकदा सुरुवात केली की त्या प्रकारात वजन खाली आणता येत नाही. तिन्ही स्क्वॉट फेल गेले तर टोटलच लागत नाही, डेडलिफ्ट कितीही दांडगा असो. त्यामुळे ओपनर म्हणून जाणते कोच असं वजन लिहून देतात, जे पोरगं झोपेतून उठवलं तरी तीनदा उचलेल.