तिसा म्हणजे तीस नव्हे!

मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं ते १७३७ च्या मार्चमध्ये. पेशवाईतल्या कारकुनाच्या बोरूतून मात्र हे साल उतरायचं ते असं : ‘सुहूर सन सबा सलासीन मया व अलफ’. मंत्रबिंत्र काही नाही, साधी अरबी आकडेमोड आहे. सबा म्हणजे सात, सलासीन म्हणजे तीस, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११३७. त्यात मृगाच्या आधी ६०० आणि मृगानंतर ५९९ मिळवा, की इसवी सन हजर!

हिजरी सन चंद्रावर चालतो, दरवर्षी अकरा-एक दिवसांनी मागे सरकतो आणि साऱ्याची वसुली पिकाच्या आधी येऊन उभी राहते. म्हणून १३४४ पासून सूर्याच्या चालीवर, मृग नक्षत्रापासून मोजायचा हा सन दख्खनेत रुजला. शेतकरी त्याला सरळ मृगसाल म्हणत. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले खरे, पण पत्राच्या माथ्यावरचं ‘खमस सबैन’ काही हललं नाही. राज्याभिषेकाचं १६७४ साल म्हणजे खमस सबैन व अलफ, १०७५. आणि पानिपत? इहिदे सितैन मया व अलफ.

नवशिक्याला चकवायला यात सापळे भरपूर. ‘तिसा’ ऐकून मराठी कान तीस समजतो. तो आहे नऊ! ‘समान’ म्हणजे सारखं नव्हे, आठ. ‘सीत’ भाताचं नव्हे, सहा. वसई पडली ते साल ‘तिसा सलासीन’, म्हणजे एकोणचाळीस. इथे अरब सरळ ‘नऊ-तीस’ म्हणतो आणि आपण ‘चाळीसला एक कमी’. हा ‘एकोण’चा हट्ट मराठी ८९ पर्यंत चालवते आणि नव्व्याण्णवला अचानक सोडून देते.

क्रम बघा : खमस सबैन, पाच-सत्तर. पंच्याहत्तरमध्येही पाच आधी, सत्तर मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तर पाच’, ‘वीस एक’ अशी वाचनाची सोय आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही टोलेबाजी रंगली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या जाचातून पोरं सुटतील. गंमत अशी, की आजची हिब्रू नेमकी याच वळणाची : ‘एस्रिम वे एहाद’, वीस आणि एक. बायबलच्या जुन्या हिब्रूत दोन्ही क्रम सापडतात. म्हणजे हा वाद अरबीविरुद्ध हिब्रू असाही रंगवता आला असता. कुणाला सुचलं नाही हे बरंच झालं.

हिब्रू ऐकायला लांब जायला नको. ठाण्यात कोपरीतून रूळ ओलांडून पश्चिमेला टेंभी नाक्याकडे गेलात, की १८७९ चं ‘शाआर हाशामायिम’ सिनेगॉग लागतं. घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू असा बेने इस्रायली ज्यूंचा पिढीजात शिरस्ता. प्रार्थनेला पुरे दहा पुरुष लागतात आणि दहा म्हणजे ‘असारा’. अरबीत ‘अशरा’, मोहरमची दहावी तारीख ती ‘आशुरा’. वल्हांडणाच्या रात्री म्हणायचं एक मोजणीगीत आहे : एक देव, दोन पाट्या, तीन पूर्वज असं करत तेरापर्यंत चढायचं आणि प्रत्येक कडव्याला पुन्हा एकपर्यंत उतरायचं. जेवण अंगावर आलेल्या माणसाची ही खरी परीक्षा.

चार हा अरबी-हिब्रूच्या सेमिटिक घराण्यातला सगळ्यात इमानी आकडा. हिब्रूत अर्बा, अरबीत अर्बआ, मोडी पत्रात आर्बा, इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये अरात. आणखी मागे गेलं तर उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर भाषा भेटतात. तिथे दोन म्हणजे ‘सिन’, हिब्रूतल्या ‘श्नायिम’चा दूरचा चुलतभाऊ.

तीन ते दहाचे आकडे मात्र सेमिटिक भाषांत तिरपागडे वागतात. ज्या शेपटीने एरवी स्त्रीलिंग होतं, ती आकड्याला लागते पुरुषांसाठी! हिब्रूत तीन मुलगे ‘श्लोशा’ आणि तीन मुली ‘शालोश’. हसायचं कारण नाही. आपल्याकडे तिघे भाऊ, तिघी बहिणी, चौघी मैत्रिणी. आणि पाचावर आलं की आकडा स्वतः बदलायचं सोडतो, लिंग ‘जण’वर ढकलतो : ‘पाच जण’, ‘पाच जणी’. परक्या माणसाला हे समजावून दाखवा!

आकडे वारांतही शिरलेत. गुरुवार घ्या. अरबीत तो ‘खमीस’, हिब्रूत ‘योम हमिशी’, फारसीत ‘पंजशंबे’ आणि दोनशे वर्षं ठाण्यावर हुकूम चालवणाऱ्या पोर्तुगिजांच्या भाषेत ‘किंता फेइरा’. सगळ्यांचा अर्थ एकच, पाचवा. आपण त्या दिवशी दत्ताला जातो, त्यांनी नुसता नंबर लावून मोकळं केलं.

आता तोतये. हिब्रू ‘शेश’ आणि संस्कृत ‘षष्’, दोन्ही सहा. भाऊ वाटतात ना? नाहीत. अरबीत सहावा म्हणजे ‘सादिस’, अम्हारिकमध्ये सहा म्हणजे ‘स्दिस्त’. मूळ शब्दात मध्ये ‘द’ होता, तो हिब्रूत गळाला आणि हे साम्य योगायोगाने जुळलं. ‘सप्त’ आणि ‘सबा’ यांच्याबद्दल मात्र पंडितांचं अजून भांडण चालू आहे.

खरे भाऊ फारसीत सापडतात. फारसी अरबी लिपीत लिहितात म्हणून तिला अरबीची बहीण समजू नका, ती आपल्याच गोतातली. संस्कृतचा ‘स’ तिकडे ‘ह’ होतो : सप्त झालं हफ्त, आणि आठवड्याचा ‘हफ्ता’ मराठीत येऊन बँकेचा, गाडीचा आणि दादालोकांचा ‘हप्ता’ झाला. हजार हाही सहस्रचा सख्खा भाऊ. कोपरी कॉलनीत फाळणीनंतर वसलेल्या सिंधी घरांतली मोजणी याच गोतातली, लिपी पुन्हा अरबी वळणाची : हिकु, ब, टे, चारि, पंज. यातला ‘ब’ तर मराठी शाळेतलं प्रत्येक पोर सकाळी आळवतं. एरवी दोन म्हणणारे आपण पाढ्याला बसलो की गुजराती-सिंध्यांसारखे ‘बे एके बे’ म्हणायला लागतो.