कोणाच्या हुकमाने?

फतेगंज हा बडोद्यातल्या निजामपुऱ्याचा सख्खा शेजारी. आज तिथे विद्यापीठाच्या मुलामुलींची संध्याकाळची खाऊगर्दी असते. दीडशे वर्षांपूर्वी तिथे इंग्रजांची छावणी होती आणि जुने बडोदेकर त्या बाजूला अजूनही कॅम्प म्हणतात. या कॅम्पातल्या रेसिडेन्सीत 9 नोव्हेंबर 1874 च्या सकाळी रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून परतले. नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत मांडलेले होते. दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना कसेसेच वाटू लागले, म्हणून उरलेले त्यांनी व्हरांड्याबाहेर फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत तो सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली.

मल्हारराव गायकवाडांची गादी गेली ती या प्रकरणामुळे, एवढे बडोद्यात सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यांच्यावरचे आरोप वाचले, तर विषप्रयोग त्यात शेवटी येतो. आधीचे आरोप वेगळेच आहेत. महाराजांनी रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधले, त्यांना पैसे चारले आणि साहेबावर हेर म्हणून त्यांचा वापर केला. आया अमिना रात्री गाडीत बसून महाराजांच्या भेटीला जायची. हवालदार रावजी आणि जमादार नरसू साहेबाकडे कोण आले, काय बोलणे झाले, याच्या बातम्या पोचवायचे. निरोप्याचे काम दरबारच्या सालम आणि यशवंतराव या दोघांकडे होते.

23 फेब्रुवारी 1875 ला चौकशी आयोग बसला. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच अध्यक्ष; त्यांच्यासह तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे ते तिघे. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले होते. आया, हवालदार, जमादार यांची त्यांनी भर आयोगापुढे उलटतपासणी घेतली. निकाल दुभंगला : इंग्रजांनी दोषी ठरवले, हिंदी सदस्यांना विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. सरकारने मग गैरकारभाराचे कारण पुढे केले आणि एप्रिलमध्ये मल्हाररावांना काढून मद्रासला पाठवले.

रेसिडेंट स्वतः दरबारावर डोळा ठेवून असे, महाराजांविरुद्धच्या तक्रारी गोळा करी. ते मात्र राज्यकारभारात मोडत होते. वरच्याने ठेवलेली नजर ही व्यवस्था आणि खालच्याने ठेवलेली नजर हा गुन्हा, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. मल्हाररावांनंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांचीही त्यातून सुटका झाली नाही. परदेशात ते कोणाला भेटतात, याच्या नोंदी इंग्रजांच्या गुप्त कागदपत्रांत होत राहिल्या. 1911 च्या दिल्ली दरबारात नीट लवून मुजरा केला नाही म्हणून केवढा गहजब झाला! काका कालेलकर ज्याचे मुख्याध्यापक होते, ते बडोद्यातले गंगनाथ विद्यालय त्याच सुमारास सरकारच्या वक्रदृष्टीमुळे बंद पडले.

पण त्या काळी पाळत महाग होती. राजा, दिवाण, क्रांतिकारक अशा बड्या लोकांच्याच वाट्याला ती येई. आता ती इतकी स्वस्त झाली आहे, की भाजी आणायला निघालेल्या माणसाच्याही वाट्याला येते.

गुजरात सरकारने जानेवारी 2020 मध्ये 'विश्वास' प्रकल्प सुरू केला. शहरांत आणि तीर्थस्थानांत पहिल्या टप्प्यात सात हजारांहून अधिक कॅमेरे, गांधीनगरला 'त्रिनेत्र' हे मुख्य केंद्र आणि जिल्ह्याजिल्ह्यात 'नेत्रम'. सिग्नल तोडला की घरी ई-मेमो येतो तो याच जाळ्यातून. रिक्षात विसरलेली बॅग याच कॅमेऱ्यांवरून सापडते, हेही खरे आणि ज्याची बॅग सापडते त्याच्यापुढे खासगीपणावर प्रवचन देण्यात अर्थ नाही. 2022 मध्ये राज्याने सार्वजनिक सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. बडोद्यासह आठ महानगरपालिकांच्या हद्दीत तो त्या वर्षीच्या 1 ऑगस्टपासून लागू झाला. गर्दीची दुकाने, रुग्णालये, शाळा, देवळे यांनी स्वतःच्या खर्चाने कॅमेरे बसवायचे, चित्रण 30 दिवस जपायचे आणि मागितल्यावर दाखवायचे. म्हणजे कॅमेरा दुकानदाराचा, वीजबिल दुकानदाराचे आणि नजर सरकारची.

उरलेली नजर आपण हौसेने विकत घेतली आहे. निजामपुऱ्यात जुने बंगले पाडून जी अपार्टमेंट्स उभी राहिली, त्यांतल्या कुठल्याही फाटकावर उभे राहून बघावे. चौकीदाराच्या टेबलावर दोरीने बांधलेले पेन आणि चोपडा : नाव, फ्लॅट, मोबाइल, गाडीचा नंबर, सही. तुम्ही आपली ओळ भरता तेव्हा वरच्या वीस जणांचे नंबर तुमच्या डोळ्यांसमोर असतात. वही भरली की कुठे जाते, हे सेक्रेटरीला विचारा. रद्दीत, असेच उत्तर बहुधा मिळेल. ज्या सोसायट्या पुढारल्या, तिथे चोपड्याची जागा ॲपने घेतली आहे. घरकामाच्या बाई फाटकातून आत शिरल्या की मालकिणीच्या फोनवर टिंग वाजते, आणि अमुक बाई महिन्यात किती दिवस उशिरा आल्या याचा तक्ताच तयार होतो. अमिना साहेबावर लक्ष ठेवत होती; आता अमिनावर लक्ष आहे. त्या बाईंना कोणी विचारले होते का? मी ज्यांच्याशी बोललो, त्या सगळ्या मालकिणींना हा प्रश्नच नवा होता.

हे जमवलेले कुठे वाहून जाते, ते फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटने दाखवले. तिथल्या एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतले, डॉक्टर स्त्रियांना तपासत असतानाचे चित्रण यूट्यूबवर झळकले आणि टेलिग्रामवर विकले जात होते. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी धागा धरला तो लातूर, सांगली आणि प्रयागराजपर्यंत गेला. तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवणाऱ्यांना कुणावर पाळत ठेवायची नव्हती, त्यांना 'सुरक्षा' हवी होती. कॅमेरा इंटरनेटला जोडला, कुणालाही सुचेल असा पासवर्ड तसाच ठेवला आणि सुरक्षेसाठी केलेले चित्रण बाजारात गेले.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे होते. चंद्रचूडांनी त्या निकालपत्रात आणीबाणीतल्या जबलपूर खटल्याचा निवाडा मोडीत काढला, ज्यावर त्यांच्या वडिलांचीही सही होती. नजर ठेवायची तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा, असे हे निकालपत्र सांगते.

फोन टॅपिंगचे नियम त्याहून जुने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर गृहसचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो. तो 60 दिवस चालतो, वाढवला तरी 180 च्या पुढे जात नाही, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जातो. ऐकायला छान आहे. पण न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या अहवालात लिहून ठेवले, की पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे 15 ते 18 हजार आदेश असतात. आठ तास पाणीही न पिता बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. समितीत सगळे सचिवच. न्यायाधीश एकही नाही. मल्हाररावांच्या आयोगात निदान उलटतपासणी तरी झाली होती! उलट, कोणी दाद मागितली की काय होते तेही पाहा : ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. पण ज्याला आपला फोन ऐकला गेल्याचे कधी कळतच नाही, तो दाद कशी मागणार?

कंपन्यांचे तंत्र याहून गोड आहे. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवे धोरण आणले तेव्हा मराठी घरांतले कितीतरी कौटुंबिक ग्रुप आठवडाभर सिग्नलवर मुक्कामाला गेले आणि मुकाट्याने परत आले. आजीला नवे ॲप जमेना. त्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213 कोटींचा दंड केला. ओरडा केला की सरकारही मागे सरते. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप सक्तीने घालण्याचा हुकूम निघाला आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

2023 चा विदा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेले त्याचे नियम यांवर माझा फारसा भरवसा नाही. कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड करणारा हाच कायदा सरकारला हव्या त्या खात्यांना सूट देण्याची मुभा देतो. तरी त्यातला संमतीचा भाग कामाचा आहे आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने मे 2027 पासून लागू व्हायची आहेत. घरगुती वापराला त्यात सूट आहे. ॲपवर पाहुण्यांचे फोटो साठवणाऱ्या सोसायटीला ती मिळेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा तोवर एवढे करा. बिलासाठी मोबाइल नंबर मागणाऱ्या दुकानदाराला नाही म्हणा. सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने मे 2023 मध्येच सांगितले आहे. आणि सोसायटीच्या पुढच्या जनरल मीटिंगमध्ये उठून विचारा, की फाटकावरचे चित्रण कोण पाहते, किती दिवस ठेवले जाते आणि कोणाच्या हुकमाने बाहेर जाते. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि घरकामाच्या बायकांनाही त्या सभेला बोलवा.