बालपोषण अधिकारी : मदत छावणीतून भोसरीच्या वस्तीत

दुष्काळ, महापूर, भूकंप अथवा युद्ध यांमुळे माणसे घरदार सोडून बाहेर पडतात, तेव्हा सर्वांत मोठे संकट पाच वर्षांखालील बालकांवर येते. म्हणूनच जगभर मदतकार्यात अन्न, पाणी व निवारा यांच्या व्यवस्थेबरोबर एक स्वतंत्र जबाबदारी नेमून दिली जाते. ती म्हणजे बाल आरोग्य व पोषण अधिकाऱ्याची. हा अधिकारी नेमके काय करतो, त्याच्या कामाचे शास्त्र कसे घडत गेले आणि भोसरीसारख्या, वरकरणी सुबत्तेच्या औद्योगिक नगरीला त्यातून काय घेण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकटातून घडलेले शास्त्र

महाराष्ट्राला या कामाची ओळख नवी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामे काढण्यात आली आणि मे १९७३ मध्ये त्या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या आईबरोबर तिचे मूलही कामावर येत असे. त्या काळी कामाच्या जागी वाटण्यात आलेली ‘सुकडी’ आजही वृद्धांच्या आठवणीत आहे. या व्यवस्थेतील एक तत्त्व मोलाचे होते. मूल जेथे होते तेथे आहार गेला. मुलाने आहारापर्यंत यावे, अशी वाट पाहण्यात आली नाही.

याच सुमारास, १९७१ मध्ये, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेवाटे देण्याच्या सलाईनचा साठा अपुरा पडताच मीठ, साखर व सोडा यांचे द्रावण तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ४ टक्क्यांच्या आत आले. हे द्रावण डॉक्टरांच्या हातून नव्हे, तर मुख्यतः नातेवाइकांच्या हातून पाजले गेले. आज अंगणवाडीत व आरोग्य उपकेंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी ही याच विचाराची देणगी होय. सामान्य माणसाच्या हाती साधे साधन दिले तर मोठी जीवितहानी टळू शकते, हा धडा मदतकार्याने तेथे घेतला.

मापन : कामाची पहिली पायरी

पोषण अधिकाऱ्याचे काम म्हणजे धान्य व दूधभुकटी वाटणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वाटप ही त्याच्या कामाची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी शोध व मापन ही होय.

सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील बालकाच्या डाव्या दंडाच्या मध्यभागी एक रंगीत पट्टी गुंडाळली जाते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालक तीव्र कुपोषित समजले जाते; ११.५ ते १२.५ सेंटिमीटर या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित. याखेरीज उंचीच्या मानाने वजन किती कमी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-प्रमाणकांवरून पाहिले जाते. दोन्ही पावलांवर अंगठा दाबला असता खळगा राहत असेल, तर ती सूज तीव्र कुपोषणाचीच खूण मानतात, मग वजन काहीही असो. सुजेमुळे वजन वाढलेले दिसते आणि काटा फसवतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

कुपोषणाचे दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. वयाच्या मानाने उंची खुंटणे हा दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचा परिणाम असतो. उंचीच्या मानाने वजन घटणे, म्हणजे रोडावणे, हे बहुधा अलीकडच्या उपासमारीचे अथवा आजाराचे लक्षण असते आणि त्यात मृत्यूचा धोका अधिक असतो. केवळ वयानुसार वजन पाहिल्यास हा भेद कळत नाही. म्हणून वजनकाट्याबरोबर उंचीमापक व दंडघेराची पट्टी यांचाही वापर नियमितपणे झाला पाहिजे.

उपचार : घाई नको, विलंबही नको

उपाशी मुलाला भरपूर खाऊ घातले की ते सुधारेल, ही समजूत स्वाभाविक असली तरी तीव्र कुपोषणात ती घातक ठरू शकते. दीर्घकाळ अन्नाविना राहिलेल्या शरीराने हृदय, यकृत व मूत्रपिंड यांचे कार्य मंद करून कसाबसा तोल सांभाळलेला असतो. अशा शरीरावर एकदम अन्नाचा व क्षारांचा भार पडल्यास तो तोल ढळतो. म्हणून आजारी व भूक मेलेल्या बालकाला रुग्णालयात प्रथम थोड्या थोड्या अंतराने, रात्रीसुद्धा, सौम्य दुग्धाहार दिला जातो. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात. या काळात अंग उबदार ठेवणे, रक्तातील साखर घटू न देणे आणि संसर्गावर औषध देणे यांस अग्रक्रम असतो. लोहाच्या गोळ्या वा औषध या पहिल्या टप्प्यात दिले जात नाही. भूक परतल्यावरच अधिक उष्मांकाचा आहार सुरू होतो. ही शिस्त पाळल्यास रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली ठेवता येते, असा अनुभव आहे.

तथापि, ज्या तीव्र कुपोषित बालकाला भूक चांगली आहे आणि अन्य आजार नाही, त्याला रुग्णालयात ठेवण्याचे कारण नसते. अशा बालकावर घरीच, देखरेखीखाली उपचार करता येतात, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदी संस्थांनी २००७ मध्ये संयुक्तपणे मांडली. त्यामुळे रोजंदारी बुडवून आईने रुग्णालयात राहण्याचा प्रश्न बहुसंख्य बालकांपुरता सुटला. महाराष्ट्रात ग्राम बालविकास केंद्र, बाल उपचार केंद्र आणि पोषण पुनर्वसन केंद्र अशी जी उतरंड उभी राहिली, तिच्यामागे हाच विचार आहे. सौम्य प्रकरणे वस्तीत, गुंतागुंतीची रुग्णालयात.

मदतकार्यातील आणखी एक दक्षता आपल्याकडेही लागू पडते. संकटकाळी सद्भावनेने दूधभुकटीचे डबे वाटले जातात. स्वच्छ पाणी व इंधन नसलेल्या ठिकाणी बाटलीचे दूध अतिसाराला आमंत्रण देते आणि आईचे दूधही आटते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान व त्यानंतर स्तनपानासह घरचा मऊसर पूरक आहार, हाच नियम संकटातही कायम राहतो. दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातीवर व फुकट वाटपावर १९९२ च्या कायद्याने भारतात बंधने आहेत, हे देणगीदारांनी जाणून घ्यावे.

संकट कशाला म्हणावे?

एखाद्या भागातील पाच वर्षांखालील बालकांपैकी १५ टक्के वा अधिक बालके रोडावलेली आढळली, तर ती परिस्थिती अतिगंभीर मानण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात हे प्रमाण २५.६ टक्के आढळले. खुंटलेल्या उंचीचे प्रमाण ३५.२ टक्के होते. या आकड्यांवरून महाराष्ट्र म्हणजे निर्वासितांची छावणी, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आपल्याकडील अनेक बालके जन्मतःच कमी वजनाची असतात, कारण त्यांच्या माता स्वतः अशक्त असतात. येथे लसीकरण आहे, दवाखाने आहेत, शिधावाटप आहे. परंतु छावणीत ज्या आकड्याने धावपळ उडाली असती, तो आकडा आपल्याकडे नित्याचा वाटू लागला आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. नित्याच्या संकटाला घंटा नसते. ती अधिकाऱ्याला व लोकप्रतिनिधींना वाजवावी लागते.

भोसरीचे वेगळेपण

पुणे-नाशिक मार्गावरील भोसरी हे एके काळी शेतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे औद्योगिक क्षेत्र उभारले. १९७० मध्ये भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ही गावे एकत्र येऊन नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि उत्तर प्रदेश, बिहारसारख्या राज्यांतून कुटुंबे कामासाठी येत राहिली. कोणी लहान कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी नाक्यावर रोजच्या कामाच्या शोधात.

अशा कुटुंबात अन्नाचा दुष्काळ नसतो, पण वेळेचा असतो. आई सकाळी कामाला गेली की तान्ह्या बाळाचे स्तनपान तुटते. गावाकडची आजी येथे नसते. आठ-दहा वर्षांची मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि भूक लागली की हाती पैसे असल्याने बिस्किटाचा पुडा अथवा तळलेल्या पदार्थाचे पाकीट येते. पोट भरल्यासारखे वाटते, पण प्रथिने मिळत नाहीत. पत्र्याच्या खोल्यांची दाटी आणि साठवलेले पाणी यांमुळे जुलाब वारंवार होतात. जुलाबाने वजन घटते आणि घटलेल्या वजनामुळे पुढचा जुलाब अधिक अवघड जातो.

छावणीला कुंपण असते, म्हणून तेथील प्रत्येक मूल मोजता येते. भोसरीच्या वस्तीला कुंपण नाही. इमारत पूर्ण झाली की कुटुंब मोशीला, तेथून चिखलीला, तेथून चाकणला जाते. गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर मुलाचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून राहते आणि येथील पटावर ते चढलेलेच नसते. दोन पटांच्या मध्ये पडलेले हे मूल कोणत्याच अहवालात कुपोषित म्हणून दिसत नाही. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. अंगणवाड्या बंद असताना शिधा घरपोच देण्याची व्यवस्था झाली. परंतु घरपोच आहारासाठी आधी घराची नोंद असावी लागते.

हक्क आणि व्यवस्था

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला पोषक आहार मिळणे हा त्याचा हक्क आहे; मूळ कायद्यात त्यासाठी रोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरविले होते. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे, ही अट अंगणवाडीच्या लाभासाठी घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. अर्थात, काल परगावाहून आलेले मूलही आज अंगणवाडीचे लाभार्थी आहे.

राज्याने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन करून आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या या काळात झालेले नुकसान पुढे भरून काढणे फार कठीण असते. भोसरीतील स्थलांतरित कुटुंबाचे मूल पटावर येण्यास सहा महिने लागले, तर या हजार दिवसांतील १८० दिवस वाया जातात.

कोणी काय करावे?

मदत छावणीतील पोषण अधिकाऱ्याची रीत येथे तीन प्रकारे उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, शोधमोहीम. अंगणवाडी सेविका व आशा यांनी आपल्या क्षेत्रातील बांधकामे, मजूर वस्त्या व भाड्याच्या चाळी यांना दरमहा भेट द्यावी. आणि ही भेट आई घरी असते त्या वेळी, म्हणजे सायंकाळी अथवा तिच्या सुटीच्या दिवशी व्हावी. सेविकेच्या वेळेवर पडणारा हा भार लक्षात घेऊन प्रकल्प अधिकाऱ्यांनी कामाची फेरआखणी करावयास हवी. केवळ आदेश काढून तो पेलला जाणार नाही. आईला स्वतःला दंडघेराची पट्टी वापरण्यास शिकविणे हा अनेक देशांत यशस्वी ठरलेला मार्ग आहे.

दुसरी गोष्ट, कामाच्या जागी सोय. ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर पाळणाघर असावे, हे तत्त्व १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने घालून दिले होते. त्याही आधी, १९६९ पासून, ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेने दिल्लीतील बांधकामांवर अशी पाळणाघरे चालवून दाखविली. लहान ठेकेदारांनी एकत्र येऊन एका आवारात सोय केली, तर स्तनपान व दुपारचा ताजा आहार हे दोन्ही प्रश्न सुटतात.

तिसरी गोष्ट, पाठपुरावा. कुटुंब गाव सोडते त्या दिवशी मुलाचे वजन, उंची, दंडघेर व लसीकरण यांची नोंद आईच्या हाती असावी आणि पुढील ठिकाणच्या सेविकेला ती कळावी. अर्ध्यावर तुटलेला उपचार हा बहुधा न झालेल्या उपचारासारखाच ठरतो.

शिक्षकांचा वाटाही यात मोठा आहे. एखादी मुलगी वारंवार गैरहजर असेल, तर घरी कोण लहान आहे, असे तिला विचारावे. त्या एका प्रश्नातून शाळेला एक विद्यार्थिनी आणि अंगणवाडीला एक बालक परत मिळू शकते. चाकण परिसरातील कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे यांसारख्या गावांच्या पंचायत सदस्यांनी खोल्या भाड्याने देणाऱ्यांकडून नव्या कुटुंबांची माहिती घ्यावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाचा १० टक्के निधी उंचीमापक, पट्ट्या आणि पाळणाघर यांकडे वळविता येईल. मतदार यादीत नाव नसलेले कुटुंब हेही गावाचेच आहे, ही भावना येथे निर्णायक ठरते.

मदतकार्यात पोषण अधिकाऱ्याच्या कामाची कसोटी किती पोती वाटली, यावर लागत नाही. गरज असलेल्या दर शंभर बालकांपैकी किती बालकांपर्यंत उपचार पोहोचला, हे पाहिले जाते. हीच कसोटी भोसरीतील अंगणवाडीला, चाकणच्या पंचायतीला आणि प्रकल्प कार्यालयाला लावावी. पटावरील बालकांची संख्या सांगणे सोपे आहे. पटाबाहेरील बालके किती, हा प्रश्न प्रत्येक मासिक बैठकीत प्रथम विचारला गेला, तर छावणीतील शास्त्र कामगार वस्तीत आले, असे म्हणता येईल.