गती स्लायफरच्या, अंतरं हबलची

विश्व प्रसरण पावतं हे एडविन हबलने १९२९ मध्ये शोधलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याआधीची सतरा वर्षं उलगडून पाहिली की हे वाक्य फारच तोकडं वाटू लागतं.

सुरुवात झाली अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत. वेधशाळेचे मालक पर्सिव्हल लॉवेल मंगळावरच्या कालव्यांनी झपाटलेले. आकाशातले सर्पिल तेजोमेघ म्हणजे घडत असलेल्या सूर्यमाला असाव्यात, असं त्यांना वाटे. ते तपासायचं काम त्यांनी व्हेस्टो स्लायफर या अबोल सहकाऱ्यावर सोपवलं. काम जिकिरीचं होतं. दुर्बीण २४ इंची, तेजोमेघाचा उजेड आधीच क्षीण, त्यात तो वर्णपटात फाकवला की आणखी विरळ. कधीकधी एकाच काचेवर दोन-तीन रात्री प्रकाश साठवावा लागे. कॅल्शियमसारख्या मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा वर्णपटात कुठे पडतात, हे प्रयोगशाळेत कळलेलं असतं. तेजोमेघाच्या वर्णपटात त्या किती सरकल्या, यावरून त्याची गती काढता येते.

१९१२ मध्ये देवयानी तेजोमेघाच्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या निघाल्या. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने चक्क आपल्याकडे येत होती! प्रसरणाच्या गोष्टीतला हा पहिलाच आकडा उलट्या दिशेचा. पण पुढचे तेजोमेघ एकामागून एक तांबड्या बाजूला झुकू लागले. १९१४ मध्ये स्लायफरने १५ गती जाहीर केल्या, तेव्हा जमलेल्या खगोलतज्ज्ञांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. श्रोत्यांत तरुण हबलही होता. १९१७ पर्यंत २५ गती हाती आल्या आणि त्यांतले २१ तेजोमेघ दूर पळत होते.

अडलं होतं ते अंतरांपाशी. त्यांची किल्ली हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी घडवली: सेफिड तारा जितक्या सावकाश उजळतो-मंदावतो, तितकी त्याची खरी तेजस्विता अधिक; ती दिसणाऱ्या उजेडाशी ताडली की अंतर निघतं. १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून हबलला देवयानीत असाच तारा सापडला. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

आता गती आणि अंतरं शेजारी मांडायची होती. बेल्जियमचे धर्मगुरू-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ते केलं. शिवाय आइन्स्टाइनच्या समीकरणांतून अर्थही लावला: दीर्घिका अवकाशातून धावत नाहीत, अवकाशच ताणलं जातं आणि वाटेतल्या प्रकाशाची तरंगलांबीही त्यासोबत वाढते. लेख फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात आला. फारसा कुणी वाचला नाही. आइन्स्टाइनने वाचला, पण त्यांना तो पटला नाही.

१९२९ चा हबलचा लेख अवघ्या सहा पानांचा. २४ दीर्घिका, आलेखावर विस्कटलेले ठिपके आणि त्यांतून बेधडक ओढलेली सरळ रेषा: दीर्घिका जितकी लांब, तितकी तिची दूर जाण्याची गती जास्त. गती बहुतेक स्लायफरच्या, पण त्याचं नाव लेखात नाही. आणि गंमत अशी, की विश्व प्रसरण पावतंय असं हबल त्यात म्हणतच नाही. पुढेही तो सावधपणे ‘भासमान गती’ असंच लिहीत राहिला.

त्या रेषेतून निघालेला प्रसरणाचा आकडाही चुकलाच होता. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ५०० किलोमीटर, म्हणजे विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. १९५२ मध्ये वाल्टर बाडे यांनी सेफिड दोन प्रकारचे असल्याचं दाखवलं आणि अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. आज हा आकडा मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ६७ किंवा ७३ येतो, नि त्यावर भांडण चालू आहे. प्रसरणावर मात्र नाही. महास्फोट न मानणाऱ्या फ्रेड हॉइल आणि आपल्या जयंत नारळीकरांनीही ते मान्यच केलं होतं. त्यांचा वाद होता विश्वाच्या आरंभाशी.

मृत्यूच्या काही महिने आधी, १९५३ मध्ये, हबलने स्लायफरला पत्र लिहून त्याच्या गतींचं ऋण मान्य केलं. ते खाजगीत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने मतदान घेऊन गती-अंतराच्या या नियमाला ‘हबल-लमेत्र’ हे नाव सुचवलं. स्लायफर त्यातही नाही.