पाण्याच्या उलट वाटेने

दुपारचे दोन. ग्रानादाचं जुलैचं ऊन. अल्हंब्रातल्या नासरी महालांच्या दाराशी रांग लागली आहे. शेजारी कार्लोस पाचव्याचा दगडी राजवाडा, १५२७ साली सुरू केलेला. त्याच्या भिंतीलगत हातभर सावली आहे. सगळे तिला चिकटून उभे. तिकिटावर अडीचची वेळ छापलेली. आधी आत सोडत नाहीत, उशीर झाला तर परत पाठवतात.

रांग हलते. पासपोर्ट, तिकीट, ‘बीप’. आत पाऊल पडतं आणि डोळे क्षणभर आंधळे होतात. मग भिंती दिसू लागतात. खाली रंगीत फरशा, वर चुन्या-जिप्समची जाळीदार नक्षी. नक्षीत अरबी अक्षरं गुंफलेली. अल्लाखेरीज कोणी विजयी नाही, हे नासरी सुलतानांचं ब्रीद जागोजाग दिसतं. १४९२ मध्ये शेवटच्या सुलतानाने किल्ल्या ख्रिस्ती राजाराणी इसाबेल आणि फर्नांदोच्या हाती दिल्या. भिंतीवर ब्रीद तसंच आहे.

पुढचा चौक. लांबट तलाव, दोन्ही कडांना विलायती मेंदीचं कुंपण. पाण्यात ४५ मीटर उंच कोमारेस बुरूज उलटा उभा. त्याच्या पोटात सुलतानाचा दरबार. सगळ्यांच्या माना वर. छत ८,०१७ लाकडी तुकडे जोडून केलेलं आहे.

मग सिंहांचं अंगण. १२४ खांब, अगदी सडपातळ. मधोमध बारा सिंह पाठीवर संगमरवरी कुंड पेलून उभे. तोंडातून पाण्याच्या बारीक धारा. फरशीतल्या चार पन्हळी चार दिशांना जातात. इथे गर्दी पुढे सरकतच नाही.

बाहेर पुन्हा ऊन. सरूच्या झाडांमधून चढण लागते. वर हेनेरालीफे, सुलतानांचा उन्हाळी महाल. गुलाब, संत्र्याची झाडं, आणि अंगणाच्या मधून धावणारा सरळ पाट. त्याहून वर एक जिना. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पन्हळी, त्यांतून पाणी उड्या मारत खाली येतं. उतरणारा प्रत्येक जण मनगटं बुडवतो. एक मूल पुन्हा वर जातं, पुन्हा हात घालतं.

वरून तांबडे बुरूज पायथ्याशी दिसतात. मग एवढं पाणी येतं कुठून, हे कोडं सुटतं. दारो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटर अंतरावरून पाटाने वळवलेलं, तेराव्या शतकापासून. ते आधी या बागेत येतं, मग उतारानेच खालच्या महालांत. तलाव, सिंह, दरबार सगळं त्याच्यानंतरचं. तिकिटाने आपल्याला शेवटाकडून सुरुवातीकडे आणलंय.